उपाशी वाकळ

"ही घ्या तुमची वाकळ. मला नको."

असं म्हणून त्या बाईनं हातातली पिशवी हौसाक्काच्या फळीवर अशी आदळली, की शेजारच्या माझ्या फळीवरचे भोवरे एकामागून एक गडगडत खाली गेले. मी गुडघे धरून ते गोळा करायला वाकलो. वाकलो ते बरंच झालं. हौसाक्काचं तोंड त्या क्षणी कसं झालं असेल, ते मला बघवलं नसतं.

हौसाक्काची वाकळ कधी परत आली नव्हती. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून धावदोऱ्यानं शिवलेली जी गोधडी, तिला आमच्या कोल्हापूरकडं वाकळ म्हणतात. पूर्वी ती घरोघरी व्हायची. आता शहरातल्या बायका आईची, सासूची लुगडी बोचक्यात बांधून हौसाक्काकडं आणायच्या आणि वाकळ करून न्यायच्या. माणूस गेलं तरी पांघरायला उरतं.

बंद पडलेल्या एका सूतगिरणीच्या आवारात दर रविवारी आमचा बाजार भरायचा. हातानं काहीबाही करणारी माणसं तिथं बसत. काकवीवाले, भडंगवाल्या, चपलांचे कारागीर, बांबूच्या करंड्या विणणारे. शिरगावे नावाचा एक हुशार पोरगा तो बाजार चालवायचा आणि भोंग्यावरून गिऱ्हाइकाला हाका मारायचा. मी सुतार. भोवरे करायचो. पण नुसता भोवरा आजकाल कोण घेतो? म्हणून प्रत्येक भोवऱ्याबरोबर मी एक गोष्ट द्यायचो. हा भोवरा ज्या चिंचेचा, तिच्याखाली एक पैलवान वाट बघत उभा राहिला तो अजून उभा आहे. हा भोवरा अमावस्येला उलटा फिरतो. हा विकत घेऊ नका, साहेब, हा आधीच्या मालकाकडं परत जातो. असा भोवरा तर सगळ्यात आधी खपायचा.

"थापाड्या मेला," हौसाक्का सुईत दोरा ओवता ओवता म्हणायची. "मेल्यावर यमाला तरी खरं नाव सांगणार हाईस का?"

"सांगीन की. पण तो इस्वास ठेवायचा न्हाई."

ती हसायची नाही. ओठ आत ओढून घ्यायची आणि पुढचा टाका जरा मोठा पडायचा. तो मोठा पडलेला टाका म्हणजे तिचं हसू, हे मला ठाऊक होतं.

तर त्या रविवारी हौसाक्का उठून उभी राहिली. "काय झालं, बाई? दोरा उसवला?"

"नाही."

"रंग गेला?"

"नाही हो." ती बाई तिशीची असेल. शर्वरी इंगवले, राजारामपुरीत राहायची, एकटीच. डोळ्यांखाली काजळ पसरावं तसं काळं झालं होतं, पण ते काजळ नव्हतं. "तुम्हाला सांगितलं तर हसाल."

"हिच्या शेजारी माझ्यासारखा माणूस बसतो," मी जमिनीवरूनच म्हणालो. "हसायचं असतं तर ती हसून हसून केव्हाच मेली असती. सांगा तुम्ही."

शर्वरीनं पिशवीतून वाकळ काढली. निळ्या, जांभळ्या, डाळिंबी लुगड्यांची. मधोमध एक पिवळा चौकोन होता. तिनं ती फळीवर ठेवली आणि हात लगेच मागं घेतला. तव्यावरून घ्यावा तसा.

"रोज रात्री अंगावर घेते," ती म्हणाली. "आणि रोज सकाळी ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर असते. पडलेली नाही. घडी घातलेली. चौपदरी."

भडंगवाल्या जैबुनचाचीचा हात परातीत तसाच राहिला.

"झोपेत चालत असशील, पोरी," हौसाक्का म्हणाली.

"मलाही तसंच वाटलं. म्हणून मी खोलीच्या दाराला आतून कुलूप लावलं. किल्ली उशीखाली. सकाळी किल्ली उशीखाली, कुलूप दाराला आणि वाकळ उंबऱ्यावर." तिनं वाकळीचा एक कोपरा लांबूनच दाखवला. "आणि घडी आईसारखी. आई कोपरे आत दुमडायची. घरात तशी घडी दुसऱ्या कुणाला येत नाही."

कुणीतरी 'आगं आई' म्हणालं. माणसं जमायला लागली. रविवारच्या बाजाराला भूत म्हणजे फुकटचा तमाशाच. चहावाला बंडा पातेलं स्टोव्हच्या मंद आचेवर ठेवून पळत आला आणि करंडीवाल्याच्या खांद्यावरून मान पुढं काढून उभा राहिला.

"तेव्हापासून मी धड झोपले नाही," शर्वरी म्हणाली. "आईचं एवढंच राहिलंय माझ्याकडं. बाकी सगळं दादानं देऊन टाकलं. पण मी ही घरात ठेवू शकत नाही. तुम्ही घेतली तर बरं. नाहीतर बाजार उठला की मी पंचगंगेत सोडून येते."

"लुगडी आईची न्हवं?" हौसाक्का हळूच म्हणाली. "आईला पाण्यात सोडतीस?"

"मग काय करू? मला भीती वाटते तिची! माझ्याच आईची!"

 हौसाक्कानं वाकळीवरून हात फिरवला. कोपऱ्यांवर, काठांवर, वैद्यानं नाडी बघावी तसा. एकेक टाका नखानं चाचपला. तिला वाटत होतं, आपल्या हातानंच काहीतरी वंगाळ केलं.

मला ते सोसलं नाही. अशा वेळी मी एकच गोष्ट करू शकतो. तोंड उघडलं आणि थाप मारली.

"उपाशी हाय ती," मी म्हणालो.

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"वाकळीला पोट असतं, बाई. पोटात घास नसला की ती चुलीकडं तोंड करून बसते."

आता थापांचं कसं असतं, सांगतो. माझ्या थापा मी स्वतः जन्माला घातलेल्या. त्यांचं नाक, डोळे, चाल मी ओळखतो. पण हे वाक्य माझ्या तोंडातून निघालं आणि मला ते ओळखू आलं नाही. परक्याचं पोर आपल्या दारातून खेळायला बाहेर पडावं, तसं ते बाहेर पडलं. कानामागं जरा गरम वाटलं. मी वळून पाहिलं. मागं कोणी नव्हतं.

माणसं हसायला लागली. "तात्या, आता वाकळीला पण जेवायला घालणार का?" शिरगावे म्हणाला. तो भोंगा हातात घेऊनच आला होता. "हौसाक्का, हे जरा मिटवा. 'भुताची वाकळ' म्हणून उद्या गावभर झालं तर पुढच्या रविवारी इथं कावळे येतील."

हौसाक्का हसली नव्हती. ती खाली बसली होती. पांढरी फटक.

"खरं हाय," ती म्हणाली.

"काय खरं हाय?" मीच विचारलं. माझ्या थापेला खरं म्हणणारं माणूस मला आयुष्यात पहिल्यांदा भेटत होतं.

"माझी सासू कोपऱ्यात भाकरीचा तुकडा घालायची. नखाएवढा. ज्याची लुगडी, त्याला आवडंल त्ये. मग वरनं कापडाचा तिकोन शिवायची." तिनं वाकळीचा एक कोपरा उचलून दाखवला. तिकोनी ठिगळ होतं, पण चप्पट. "मी पण घालत हुतो. मग शहरातल्या बायका म्हणाय लागल्या, मुंग्या लागत्यात. एकीनं कोपरा फाडून बाहेर काढलं. मग सोडून दिलं. नुसतं ठिगळ मारतो आता." तिनं शर्वरीकडं पाहिलं. "चुकलं माझं. पोट रिकामं शिवलं मी."

 शर्वरी पुढं सरकली. भीती होतीच, पण आता तिच्या डोळ्यांत दुसरंही काहीतरी होतं.

"मग घालता येईल का आता?"

"येईल की. आत्ता कोपरा उसवतो, घास घालतो, शिवतो. सांग, आईला काय आवडायचं?"

"आईला?" शर्वरी हसली. एवढ्या सोप्या प्रश्नाला हसतात तशी. "आईला ना…"

आणि ती थांबली.

"खीर," ती म्हणाली. मग मान हलवली. "नाही. खीर बाबांना. शेवयांची. आई त्यांच्यासाठी करायची. पांढरा रस्सा… तो दादाला. थालीपीठ मला." ती एकेक नाव घेत होती आणि एकेक नाव दुसऱ्याच कुणाच्या तरी पानात जाऊन पडत होतं.

"सावकाश आठव," जैबुनचाची म्हणाली. "घाई नाही."

शर्वरीनं पुण्याच्या भावाला फोन लावला. आवाज मोठा करून ठेवला होता, आम्ही सगळ्यांनी ऐकला. "आईला? सगळंच आवडायचं की तिला. कशाला विचारतेस? अगं, रविवारीही मीटिंगमध्ये आहे मी." मग गारगोटीच्या मावशीला.  मावशी म्हणाली, "ताई लग्नाआधी चिंचा खायची. पण बाळ, चिंचा कोण न्हाई खात?" आणि मग मावशी फोनवर रडायला लागली. शर्वरीला तिचीच समजूत काढावी लागली.

मग बाजार कामाला लागला. एरवी एकमेकांचं गिऱ्हाईक पळवणारी ही माणसं. पण जैबुनचाचीनं मूठभर भडंग आणून वाकळीशेजारी ठेवलं. काकवीवाल्यानं वाटीत काकवी आणली. कुणी शेंगदाण्याची चटणी, कुणी राजगिऱ्याचा लाडू, कुणी कवठाची बरणी. वाकळीभोवती नैवेद्य मांडावा तसं मांडलं. शर्वरी एकेक उचलायची, वास घ्यायची, डोळे मिटायची आणि खाली ठेवायची.

"नाही. हे नाही."

"भोवरा फिरवू का?" मी म्हणालो. "जिकडं पडंल त्ये घालू."

"गप बस, हिंदुरावा," हौसाक्का म्हणाली. मला नावानं हाक मारायची तिला सवय नव्हती. मी गप बसलो.

ऊन गिरणीच्या धुराड्यामागं उतरलं. करंडीवाला करंड्या एकात एक घालायला लागला. शर्वरी वाकळीसमोर स्टुलावर बसली होती आणि आता ती रडतही नव्हती. "मला माहीतच नाही," ती म्हणाली. "सगळ्यांना वाढून झाल्यावर ती ओट्याशी उभी राहून खायची. आमच्याकडं पाठ करून. ताटात काय असायचं ते मी कधी पाहिलंच नाही. द्या ती इकडं. मी जाते नदीवर. असल्या मुलीकडं तिनं राहावं तरी कशाला?"

तिनं वाकळीकडं हात नेला. हौसाक्कानं वाकळीवर आपला हात ठेवला.

"एक इचारतो. राग मानू नको. आईनं तुझ्या तोंडचा घास कधी काढून घेतला का?"

"माझ्या आईनं?" शर्वरी ताडकन उठली. "काय बोलताय तुम्ही? माझी आई स्वतःच्या तोंडचा काढून आम्हाला द्यायची! आयुष्यात कधी…"

पुन्हा ती थांबली. तिचा हात आपोआप डाव्या गालावर गेला.

"एकदा मारलं होतं," ती म्हणाली. "एकदाच. का मारलं, ते मला कधी कळलंच नाही."

"काय करत हुतीस?"

"काही नाही. शाळेतून आले होते. ओट्यावर दुधाचं रिकामं पातेलं होतं. तळाला लागलेलं. मी चमच्यानं खरवडून खाल्लं. साखर घालून. आई आली आणि तिनं माझ्या हातातून पातेलं ओढून घेतलं आणि एक दिली. 'हे माझं आहे,' म्हणाली. मला वाटलं, पातेलं म्हणते. माहेरचं होतं ते, पितळेचं. ओरखडे पडतील म्हणून रागावली असेल. मी नंतर कधी त्या पातेल्याला हातच लावला नाही."

हौसाक्कानं सुई फळीवर ठेवली. नुसती बघत राहिली. मी मधे तोंड घातलं नाही, आणि हे तुम्ही लिहून ठेवा.

शर्वरीनं गालावरचा हात काढला. "ती… रोज खरवडायची," ती म्हणाली. "आम्ही सगळे बाहेरच्या खोलीत असायचो आणि आतून खर्र खर्र आवाज यायचा. आम्हाला वाटायचं, भांडी घासते. आणि ती…" तिच्या तोंडावर हळूहळू काहीतरी उजाडत गेलं. "ती मुद्दाम लावायची दूध! बाबा म्हणायचे, एवढ्या वर्षांत हिला दूध तापवायला येत नाही! हावरट! माझी आई हावरट होती!"

ती हसायला लागली. हसता हसता तिनं वाकळ उचलून तोंडाशी धरली आणि तिथंच स्टुलावर बसून ओक्साबोक्शी रडली. जैबुनचाचीही रडली. शिरगावे भोंग्याची वायर गुंडाळायला लागला. ती आधीच गुंडाळलेली होती.

"पण आता खरवड आणायची कुठनं?" काकवीवाला म्हणाला.

त्याच वेळी सगळ्यांच्या नाकात एकदमच शिरला. जळक्या दुधाचा वास.

"आयला माझं पातेलं!" बंडा ओरडला. वाकळीची गोष्ट ऐकायला आल्यापासून तो जागचा हलला नव्हता. धावत जाऊन त्यानं ते फडक्यात धरून आणलं. तळाशी दूध बदामी, कडेला काळसर, जाड लागलेलं. बंडाला दिवसभराच्या दुधाचं काही वाटत नव्हतं. वाढदिवसाचा केक धरावा तसं त्यानं ते पातेलं शर्वरीपुढं धरलं.

शर्वरीनंच खरवडलं. खर्र, खर्र. तो आवाज झाला आणि मी देवाशपथ सांगतो, देवाची शपथ मी एरवी घेत नाही कारण तो मला ओळखतो, फळीवरच्या वाकळीचा पिवळा चौकोन वर आला आणि खाली गेला. श्वास सोडावा तसा. वारा असेल. वारा नव्हता.

हौसाक्कानं कोपरा उसवला. नखाएवढी खरवड, वर दोन दाणे साखर. शर्वरीनं आपल्या हातानं आत ठेवली आणि म्हणाली, "घे. तुझंच आहे." हौसाक्कानं तिकोन शिवून टाकला.

पुढच्या रविवारी शर्वरी आली ती झोपून आल्यासारखी. डोळ्यांखालचं काळं निवळलं होतं. वाकळ सकाळी अंगावरच असते, म्हणाली. तिनं एक डबी फळीवर ठेवली. "तुमच्यासाठी घरची खरवड. म्हणजे, निम्मीच. निम्मी मी येता येता खाल्ली."

"आईवर गेलीस," हौसाक्का म्हणाली.

ती गेल्यावर हौसाक्कानं सुई खाली ठेवली आणि माझ्याकडं वळली. सगळा आठवडा तिनं ते पोटात धरून ठेवलं होतं.

"तुला कुणी सांगितलं?"

"काय?"

"'वाकळीला पोट असतं, बाई. पोटात घास नसला की ती चुलीकडं तोंड करून बसते.' माझी सासू मरताना माझ्या कानात ह्येच म्हणाली. अस्संच. 'बाई' पण तसंच. खोलीत दुसरं कुणी न्हवतं. मी आजवर कुणाला बोललो न्हाई. तुला कुणी सांगितलं?"

"थाप मारली मी, हौसाक्का. सुचलं, बोललो."

"थाप न्हाई त्यी," ती म्हणाली. त्या दिवसानंतर ती माझ्या मागं, माझ्या कानाशी, अधूनमधून बघायची. तिथं कोणी उभं आहे का, ते बघावं तशी.

आता ती गिरणी नाही. तिथं इमारत झाली. बाजार दुसरीकडं गेला, मग मोडला. बंडा गेला. हौसाक्काही गेली. जाण्याआधी तिनं स्वतःच्या लुगड्यांची एक वाकळ शिवायला घेतली होती. तिचा शेवटचा कोपरा उघडाच राहिला. तिला मूलबाळ नव्हतं. तिचा भाचा ती माझ्या दारात आणून टाकून गेला. म्हणाला, "आत्या म्हणाली होती, त्या थापाड्याला द्या."

मी अंगावर घेतली. सकाळी ती उंबऱ्यावर होती. घडी घातलेली.

मला भीती वाटली नाही. मी सुई घेऊन बसलो, कोपरा पसरला आणि स्वतःला विचारलं, हौसाक्काला काय आवडायचं? शेजारी शेजारी इतके रविवार बसलो, पण तिच्या डब्यात काय असायचं ते मी पाहिलं नव्हतं. भाकरी घालून बघितली. गूळ घालून बघितला. बंडाच्या पोराकडून खरवडसुद्धा आणून घातली. रोज सकाळी वाकळ उंबऱ्यावर. आणि उंबरा स्वयंपाकघराचा नव्हे. रस्त्याकडचा, जिथं बसून मी अजून पोरांना भोवरे दाखवत थापा मारतो.

मग एके दिवशी तिची शिवण निरखत बसलो असताना माझ्या लक्षात आलं. सगळे टाके कसे तांदळाच्या दाण्यासारखे, एकसारखे. पण मधूनच एक टाका मोठा. पुन्हा पाच-दहा बोटं सरळ, पुन्हा एक मोठा. काठापासून काठापर्यंत, सगळ्या वाकळीभर.

ती काय खायची ते मला कधीच कळणार नाही. पण तिला काय आवडायचं, ते मला आता ठाऊक आहे. ते कोपऱ्यात शिवता येत नाही. म्हणून रोज झोपण्याआधी मी वाकळीला एक थाप सांगतो. नवी असावी लागते. ऐकलेली सांगितली की सकाळी उंबऱ्यावर.

गेल्या आठवड्यात माझ्या थापा संपल्या. वय झालं. मग मी तिला ही शर्वरीची गोष्ट सांगितली, जशी घडली तशी, अक्षर न अक्षर. सकाळी वाकळ उंबऱ्यावर, चौपदरी. खरं तिला माझ्या तोंडून कधी पचलंच नाही.

म्हणून काल रात्री हीच गोष्ट पुन्हा सांगितली आणि एका ठिकाणी पदरचं घातलं. तुम्हालाही तीच सांगितली. कुठं घातलं ते विचारू नका.

मी कमरेपर्यंत पांघरून झोपतो, उकडतं म्हणून. आज सकाळी जाग आली तेव्हा वाकळ गळ्यापर्यंत ओढलेली होती आणि कडा दोन्ही बाजूंनी नीट खोचलेल्या.